एक माऊस, तीन दुखणी

“ताई, माझा माऊस बिघडलाय. नवा घेऊन टाकू का?”

धाकट्या बहिणीने हे विचारलं तेव्हा तिचा प्रबंध सादर करायला पाच आठवडे उरले होते. आदल्या दिवशी मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचं एक अख्खं फोल्डर माऊसने ओढून नेताना मधेच सुटलं आणि दिसेनासं झालं. तासाभराने ते शेजारच्या फोल्डरच्या पोटात सापडलं. तेवढ्या वेळात ती रडकुंडीला आली होती. दोन वर्षांच्या कामाचा प्रश्न होता, त्यामुळे ‘घे नवा आणि मोकळी हो’ असं म्हणून मला हा विषय संपवायचा नव्हता. नंतर कळलं की नवा माऊस घेऊन तीनपैकी एकच दुखणं गेलं असतं, आणि मागे राहिलेल्या दोनांतलं एक सरळसरळ धोक्याचं होतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधीची परिस्थिती

लॅपटॉप चार वर्षांचा, विंडोज ११ चालणारा. माऊस तीन वर्षांचा, वायरलेस. यूएसबी पोर्टात नखाएवढा रिसीव्हर बसवायचा आणि माऊसमध्ये एक सेल घालायचा, त्या जातीचा. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट अगदी शेजारी शेजारी आणि उजवीकडे एक. उजवीकडे काही खुपसलं की माऊसच्या हाताला लागतं, म्हणून तो पोर्ट ती रिकामा ठेवायची. डावीकडच्या एका पोर्टात रिसीव्हर कायम असे. दुसऱ्यात दुपारी जेवणानंतर बाहेरची हार्ड डिस्क लागायची, कारण दिवसभराच्या कामाची प्रत काढायची शिस्त तिने स्वतःला लावून घेतली होती. चार्जर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेलाच.

माझ्याकडे येण्याआधी तिने बरेच उपाय करून पाहिले होते. सेल बदलला, डिव्हाइस मॅनेजरमधून माऊस काढून टाकून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, पॉइंटरचा वेग कमी केला, विंडोजचे अपडेट घेतले, माऊसच्या पोटावरचं भोक कापसाने पुसलं. हे सगळं एकाच संध्याकाळी. त्या संध्याकाळी माऊस छान चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

यातला एकही उपाय चुकीचा नव्हता. पण पाच गोष्टी एकदम बदलल्या की बरं वाटलं ते कशामुळे, हे सांगता येत नाही, आणि पुन्हा बिघडलं की आपण पहिल्या पायरीवरच उभे असतो. शिवाय ती संध्याकाळ चांगली का गेली याचं खरं कारण त्या पाचांत नव्हतंच. हार्ड डिस्क दुपारीच काढून ठेवलेली होती.

‘बिघडलाय’ म्हणजे काय करतो?

हा प्रश्न मी तिला तीनदा विचारला आणि तिसऱ्यांदा ती थोडी चिडली. पण त्यातूनच तीन वेगळी वाक्यं निघाली. एक : पॉइंटर चालता चालता थबकतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. दोन : एकदा क्लिक केलं तरी दोनदा लागतं, आणि काही ओढून नेताना हातातून सुटतं. तीन : हात लावलेला नसतानाही पॉइंटर सरकतो, कधी कधी भलत्याच ठिकाणी क्लिकही होतं.

तिच्या मनात ही तिन्ही एकच तक्रार होती, कारण तिन्ही वेळा पडद्यावर वागणारी वस्तू एकच, तो बाण. आपण सगळेच असं करतो. बाणाला माऊस समजतो. खरं तर तो बाण लॅपटॉपचा आहे. माऊस, टचपॅड, काही लॅपटॉपांत कीबोर्डच्या मधली ती छोटी दांडी, स्पर्शाचा पडदा असेल तर तोही, हे सगळे मिळून एकच बाण हलवतात. तो चुकीचा हलला म्हणजे माऊसच चुकला असं ठरत नाही.

तिला एका वहीत रकाने आखून दिले. वेळ, तिघांपैकी कोणती तक्रार, चार्जर लावला होता का, पोर्टांत काय काय होतं, लॅपटॉप नुकताच सुरू केला होता की बराच वेळ चालू होता. चार दिवस फक्त नोंदी करायच्या, दुरुस्ती कसलीच नाही. तिला ते जिवावर आलं. तरीही तिने मन लावून नोंदी केल्या, आणि या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तिचंच आहे असं मला वाटतं.

चार दिवसांनी वही पाहिली. थबकणं जवळजवळ सगळं दुपारचं. दुहेरी क्लिकला वेळकाळ नाही, दिवसभर सारखंच. भरकटणं लॅपटॉप सुरू केल्यावर पहिला अर्धा तास जवळपास नाही, मग वाढत जाणारं. तीन तक्रारींचे तीन स्वभाव. एकाच कारणाची ही तीन रूपं असण्याची शक्यता तिथेच फार कमी झाली.

माऊस एकीकडे, लॅपटॉप दुसरीकडे

माझ्या मते पहिली चाचणी नेहमी हीच असावी, आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. माऊस, रिसीव्हरसकट, माझ्या लॅपटॉपला लावला. तिच्या लॅपटॉपला घरातला जुना वायरवाला माऊस लावला. मग फक्त पाहायचं, कोणतं दुखणं माऊसबरोबर आलं आणि कोणतं लॅपटॉपपाशी राहिलं.

दुहेरी क्लिक माऊसबरोबर माझ्याकडे आलं, पहिल्या मिनिटातच. म्हणजे ते माऊसचं. भरकटणं तिच्या लॅपटॉपवर राहिलं. वायरवाला माऊसही काढून टाकला, एकही माऊस जोडलेला नाही, तरी बाण हळूच डावीकडे सरकत होता. आम्ही दोघी टेबलावरचे हात मागे घेऊन पाहत बसलो होतो. म्हणजे ते लॅपटॉपचं. आणि थबकणं? ते कुठेच दिसलं नाही. माझ्याकडे तिचा माऊस गुळगुळीत चाललेला, तिच्याकडे वायरवाला गुळगुळीत चाललेला. दोघे वेगळे केले की निरोगी आणि एकत्र आले की आजारी, असं असेल तर दुखणं दोघांच्या मधल्या वाटेत शोधायचं.

थबकणं

वायरलेस माऊस थबकतो तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय सेलवर आणि दुसरा टेबलाच्या पृष्ठभागावर जातो. सेल नवा होता. पृष्ठभागाचा संशय मी कसा दूर केला ते सांगते, कारण ही खूण कोणालाही वापरता येईल.

ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक अतिशय लहान कॅमेरा असतो. दिव्याच्या तिरक्या उजेडात तो टेबलाच्या बारीक खरबरीतपणाचे फोटो काढतो. साध्या सेन्सरात चित्र जेमतेम १८ बाय १८ ठिपक्यांचं, पण सेकंदाला दीड हजाराच्या आसपास चित्रं. लागोपाठच्या दोन चित्रांत खुणा किती आणि कुठे सरकल्या ते पाहून माऊस आपली चाल मोजतो. काच किंवा आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर खुणाच मिळत नाहीत, म्हणून चाल चुकते. पण त्या वेळी फक्त चालच चुकते. बटणं आणि चाक यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. तेव्हा पॉइंटर थबकलेला असताना लगेच चाक फिरवून पाहायचं. पान सरकलं तर संशय कॅमेऱ्यावर किंवा पृष्ठभागावर. पानही थबकलेलं राहिलं तर माऊसचा एकही निरोप लॅपटॉपला पोचत नाहीये.

तिच्याकडे चाकही थबकत होतं. टेबल आणि कॅमेरा दोन्ही सुटले. (सेन्सरच्या भोकात एक केस अडकलेला होता, तो चिमट्याने काढला. त्याने काही फरक पडला नाही.)

आणखी एक संशयित होता : विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट मधूनमधून झोपवतं, आणि झोपलेला पोर्ट जागा होईपर्यंत माऊस मुका राहतो. पण हे दुखणं माऊस काही काळ हलला नाही की मगच दिसतं. हिचा पॉइंटर मात्र हात चालू असतानाच अडकत होता. तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ यावरची खूण काढली, एक दुपार पाहिली, फरक नाही, म्हणून खूण परत लावली. ज्या बदलाचा उपयोग झाला नाही तो मागे घ्यायचा, हे मी कटाक्षाने पाळते. नाहीतर आठवड्याने लॅपटॉपच्या सेटिंगांत इतकं उलटसुलट झालेलं असतं की मूळ स्थिती कोणती होती तेच आठवत नाही.

ड्रायव्हरबद्दलही, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही, एक शब्द. साधा यूएसबी माऊस लॅपटॉपशी एचआयडी नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांना मुळातच येते. त्यामुळे ड्रायव्हर काढून पुन्हा टाकल्याने असल्या थबकण्यावर क्वचितच उतारा पडतो. लोकांना पडल्यासारखा वाटतो, कारण त्याबरोबर लॅपटॉपही पुन्हा सुरू केलेला असतो.

मग वहीतली दुपार. दुपारी वेगळं काय असतं? रकान्यात लिहिलेलंच होतं : हार्ड डिस्क.

तिचा माऊस आणि त्याचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३.० ची तार सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते, आणि त्या वेगाच्या संकेतांतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३.० च्या उपकरणाशेजारी वायरलेस माऊसचा रिसीव्हर ठेवला की माऊस अडखळतो, हे त्यात मोजून दाखवलेलं आहे. डिस्कमध्ये किंवा माऊसमध्ये दोष असायची गरज नाही. दोघं आपापलं काम नीट करत असतात, फक्त एकाच्या कलकलाटात दुसऱ्याला ऐकू येत नाही. माऊस पुन्हा पुन्हा निरोप धाडतो, आणि एखादा पोचला की साचलेली सगळी चाल एकदम दिसते. ती उडी यातली.

चाचणी सोपी होती. डिस्क लावली, मोठी फाइल उतरवायला घेतली, माऊस गोल गोल फिरवत राहिलो : वर्तुळाचे तुकडे पडले. डिस्कची तार काढली : वर्तुळ पूर्ण. पुन्हा लावली : पुन्हा तुकडे. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मग डिस्क तशीच ठेवून रिसीव्हर उजवीकडच्या पोर्टात हलवला आणि तुकडे जवळपास थांबले. पण तो हाताला लागतो ही तिची अडचण खरी होती. म्हणून एक मीटरची साधी यूएसबी जोडतार घेतली, रिसीव्हर तिच्या टोकाला बसवला आणि ते टोक टेबलाच्या कडेला, माऊसपासून वीतभर अंतरावर चिकटवून टाकलं. तार जुन्या यूएसबी २.० ची असली तरी चालते, माऊसला वेग लागतोच किती. तेव्हापासून डिस्क चालू असतानाही वर्तुळ पूर्ण येतं.

दुहेरी क्लिक

हे दुखणं माऊसचं आहे एवढं आधीच ठरलं होतं, त्यामुळे शोध कमी आणि मोजणी जास्त. पायथनमध्ये दहाबारा ओळींचा प्रोग्राम लिहिला : बटण दाबलं गेलं की वेळ नोंदवायची, बस. डाव्या बटणाने २०० वेळा सावकाश, एकेकदाच क्लिक केलं. नोंदी आल्या २२३. जास्तीच्या २३ नोंदी आधीच्या क्लिकनंतर १२ ते ७० मिलिसेकंदांत आलेल्या. उजव्या बटणाने तसंच केलं, नोंदी बरोबर २००. बोट कितीही चपळ असलं तरी १२ मिलिसेकंदांत उचलून पुन्हा दाबता येत नाही. ही दुसरी क्लिक माणसाची नव्हती.

बटणाखाली एक छोटा स्विच असतो. त्यात धातूची एक वाकवलेली पाती. दाबली की टक्‌कन उलटते आणि संपर्क जोडला जातो. जोडताना ती क्षणभर थरथरतेच, नव्या स्विचातही. माऊसमधली चिप तो थरथराट ओळखून काही मिलिसेकंद दुर्लक्ष करते. पातीचा ताण सैल पडला किंवा संपर्कावर ऑक्साइडचा पापुद्रा चढला की थरथराट त्या मुदतीपलीकडे जातो आणि चिपला ती दुसरी क्लिक वाटते. बटण दाबून धरलेलं असताना संपर्क क्षणभर तुटला तर चिप समजते की बोट उचललं. बहिणीचं फोल्डर हातातून सुटलं ते असं. वरवर दोन वाटणाऱ्या या तक्रारींचं मूळ मात्र एकच होतं.

अशा स्विचांना पुष्कळदा १ कोटी दाबांचं आयुष्य सांगितलेलं असतं. दिवसाला पाच हजार क्लिक धरल्या तरी तीन वर्षांत ५५ लाखांच्या आतच भरतात. तरीही हे होतं, कारण पाती तुटण्याआधी संपर्क मळतात. माऊसच्या संपर्कातून वाहणारी वीज इतकी क्षीण असते की तो पापुद्रा तिच्याने जळून जात नाही.

इथे एक सल्ला हमखास मिळतो : विंडोजमध्ये डबल-क्लिकचा वेग बदला. तो का उपयोगी पडत नाही हे आकड्यांत दिसतं. दोन क्लिकमध्ये किती वेळ गेला तर त्यांना एक डबल-क्लिक मानायचं, ही मर्यादा मुळात ५०० मिलिसेकंद असते आणि ती सरकपट्टी ९०० पासून २०० पर्यंतच जाते. आपली भुताटकीची क्लिक ७० च्या आत येते. पट्टी कुठेही ठेवा, ती मर्यादेत बसणारच. आणि ओढताना सुटणारी फाइल तर त्या सेटिंगला कळतही नाही.

तात्पुरता उपाय मात्र विंडोजमध्येच आहे : मुख्य बटण डावीकडून उजवीकडे घेणं. उजवा स्विच कमी दाबला गेलेला असतो, म्हणून तो ताजा. बहिणीने दोन दिवस तसं काम केलं, बोटं अडखळत होती, पण फायली सुटल्या नाहीत. मग मी माऊस उघडला. आधी सेल काढला. स्क्रू खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात, त्या पट्ट्या केसांच्या ड्रायरने किंचित गरम केल्या की न फाटता निघतात. स्विचला तीन पाय, तिन्ही सोल्डर केलेले. त्याच मापाचा नवा स्विच बसवला. मला सोल्डरिंगची सवय आहे म्हणून हे केलं. सवय नसेल तर या एका दुखण्यासाठी नवा माऊस घेणं अगदी योग्य आहे. नंतर २०० क्लिक, २०० नोंदी.

भरकटणं

हे मी शेवटी लिहिते आहे, पण हाती सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं. दोन दिवस मी त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं ही माझी चूक होती, आणि कारण कळल्यावर ती मला फार लागली.

माऊस नसतानाही बाण हलतो म्हटल्यावर हलवणारं दुसरं काय उरतं? या लॅपटॉपला स्पर्शाचा पडदा नाही, मधली दांडी नाही. उरला टचपॅड. फंक्शनच्या कळीने तो बंद केला, बाण जागच्या जागी थांबला. चालू केला, पुन्हा सरकू लागला.

आता, विंडोजमध्ये एक सेटिंग आहे : माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही. तिथली खूण काढली की माऊस लावल्याबरोबर टचपॅड गप्प होतो. बहिणीने लगेच विचारलं, “ताई, तेवढंच करून टाकू या ना, मी टचपॅड वापरतच नाही.” तिचं म्हणणं बिनचूक वाटत होतं. पडद्यावरचा त्रास त्या एका खुणेने संपलाही असता. मी एवढंच म्हटलं की टचपॅड वर्षानुवर्षं नीट होता, मग आताच का बिघडला ते कळू दे. तिने मान्य केलं, नाखुशीने.

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते आणि तिच्यातला विद्युतभार सतत मोजला जातो. बोट जवळ आलं की तिथला भार बदलतो, तो बदल म्हणजे स्पर्श. त्यामुळे बोटाखेरीज जे काही तो भार बदलवेल तेही स्पर्शासारखं दिसतं. ओल, घाम, तेलकटपणा : पुसून, कोरडा करून पाहिला, फरक नाही. अर्थिंग नसलेला चार्जर : त्याने टचपॅड थरथरतो हे मी पूर्वी पाहिलेलं आहे, पण चार्जर काढल्याबरोबर ते थांबतं. इथे चार्जर काढून अर्धा तास पाहिलं, सरकणं तसंच. विंडोज किंवा ड्रायव्हर : लॅपटॉप बंद करून यूईएफआयच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगांत शिरलो. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिच्या लॅपटॉपात त्या पडद्यावरही बाण चालतो, आणि तिथेही तो डावीकडे सरकला. सॉफ्टवेअरचा विषय तिथेच मिटला.

मग मी टचपॅडचं बटण दाबलं. या टचपॅडला वेगळं बटण नाही, खालची कड दाबली की टक् असा आवाज येतो. डावी बाजू नीट दबली. मधोमध दाबलं तर दबलीच नाही, दगडासारखी. पडद्याचं झाकण लावून पाहिलं, पुढच्या बाजूला फट राहिली. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तो डुगडुगला. टचपॅडवर स्टीलची पट्टी उभी धरली तर कडांखालून उजेड दिसला. टचपॅड मधे फुगला होता.

बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत तळहात टेकतो त्या भागाखाली, म्हणजे टचपॅडच्या लगत किंवा थेट खाली, बॅटरी असते. लिथियम-आयन सेल म्हातारे झाले की आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थैलीतला सेल उशीसारखा फुगतो. सतत उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज, या दोन्हींमुळे हे लवकर होतं, आणि हिचा लॅपटॉप वर्षभर दिवसरात्र चार्जरवर. फुगलेली बॅटरी खालून टचपॅडला वाकवत होती. जाळीतला भार त्यामुळे बदलत होता आणि मधूनच बटण आतून दाबलं जात होतं. सुरू केल्यावर पहिला अर्धा तास बरा का जायचा, तेही आता जुळलं : असे टचपॅड सुरू होताना त्या क्षणीची स्थिती ‘कोणी स्पर्श करत नाहीये’ म्हणून धरतात. लॅपटॉप तापू लागला की दाब बदलतो आणि ते गृहीत मोडतं.

बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच देतं, पॉवरसीएफजी नावाच्या आज्ञेने. मूळ क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरली होती. पण हा आकडा फुगण्याचा पुरावा नव्हे. बॅटरी न फुगताही इतकी क्षीण होते, आणि आकडा चांगला असूनही फुगलेली असू शकते. पुरावा होता स्टीलच्या पट्टीखालचा उजेड.

तिला एक परिच्छेद पुरा करायचा होता. मी नाही म्हटलं, आणि थोडं कडक आवाजात म्हटलं. चार्जर काढला, लॅपटॉप तिथल्या तिथे बंद केला. फुगलेला सेल दाबायचा नसतो, टोचायचा नसतो, वायू काढायला म्हणून भोक पाडायचं नसतं. आतले पडदे फाटून शॉर्ट झाला तर आग लागते, आणि ती साधी आग नसते. झाकणही जोर लावून बंद करायचं नाही. प्रबंधाची आदल्या दुपारची प्रत डिस्कवर होती. ज्या डिस्कपायी माऊस थबकत होता तिच्यामुळेच आम्हाला लॅपटॉप न डगमगता बंद करता आला. उरलेला परिच्छेद तिने माझ्या लॅपटॉपवर लिहिला.

बॅटरी मी काढली नाही. माऊसचा स्विच बदलणं वेगळं आणि खोबणीत अडकलेला, फुगलेला सेल उचकटणं वेगळं. लॅपटॉप त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः नेऊन दिला, बॅटरी फुगली आहे हे तोंडी सांगून आणि लेखी देऊन. त्यांनी नवी बसवली आणि जुनी विल्हेवाटीसाठी स्वतःकडे ठेवून घेतली. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची वस्तू नाही. टचपॅडचा पत्रा सुदैवाने कायमचा वाकलेला नव्हता. दाब गेल्यावर टचपॅड सपाट झाला, मधोमधही टक् असा आवाज येऊ लागला, आणि बाण तासन्‌तास जागचा हलला नाही. लॅपटॉपसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय होती, ती चालू करून दिली.

माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायची ती खूण मी मुद्दाम काढली नाही. टचपॅड चालू असला तर काही बिघडल्यावर तो सांगेल तरी.

त्यानंतर

वही मी परत घेतली नाही. पंधरा दिवस रकाने रिकामे राहिले. सोळाव्या दिवशी तिचा संदेश आला, “ताई, पुन्हा थबकतोय.” मी विचारलं, वहीत काय लिहिलंस? तिने पानाचा फोटो पाठवला. वेळ : दुपार. तक्रार : थबकणं. चार्जर : नाही. पोर्टांत : डिस्क, रिसीव्हर.

जोडतारेचा उल्लेख नव्हता. ती तिने सकाळी स्कॅनरसाठी काढून घेतली होती आणि रिसीव्हर सवयीने डिस्कशेजारच्या पोर्टात गेला होता. माझ्या उत्तराआधीच तिचा दुसरा संदेश आला : “कळलं. तार परत लावली. चालतोय.”